अय्याजचे जादा तास

महालक्ष्म्या बसल्या होत्या, फुलोरा टांगून झाला होता, तरी घरात सणाचा आवाज नव्हता. एरवी या दिवशी कुंदाबाईंचं बोलणं गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जायचं. आज वडे तळतानाही त्या हळू बोलत होत्या, जणू घरात कोणी आजारी माणूस निजलं आहे. त्यांची सून शाल्मली आंबील ढवळत होती. हात पातेल्यात होते आणि जीव पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरात.

परवा संध्याकाळी पांढरकवड्याला अय्याजचा हात गेला होता. गेला तोही शाल्मलीच्या नणंदेच्या, गुंजनच्या, सासऱ्यांच्या जिनिंग कारखान्यात. कापूस यायच्या आधीची दुरुस्ती चालू होती. गाठी बांधायच्या प्रेसच्या खड्ड्यात अय्याज उतरला होता, आणि वरून कोणीतरी बटण दाबलं. यवतमाळच्या दवाखान्यात त्याचा उजवा हात कोपराखालून काढावा लागला. अय्याज म्हणजे नजीरभाईंचा मुलगा, आणि नजीरभाई म्हणजे शाल्मलीच्या सासऱ्यांच्या, श्रीकृष्णरावांच्या, धंद्यातला पहिला माणूस. एक वेल्डिंग मशीन आणि एक सायकल एवढ्यावर दोघांनी सुरुवात केली होती.

त्या धंद्याचं ऑफिस घराच्या पुढच्याच खोलीत होतं. जिनिंगना आणि ऑइल मिलना फिटर, वेल्डर पुरवायचे आणि माणसांनी जेवढे तास काम केलं तेवढ्याचं बिल मालकाला लावायचं. पूर्वी श्रीकृष्णरावांचा मुलगा क्षितिज महिनाअखेरीला चिठ्ठ्यांचा ढीग घेऊन डोकं धरून बसायचा. शाल्मली सून म्हणून आली आणि तिने सॉफ्टवेअर बसवलं. आता माणूस कामाला लागला की फोनवरून नोंद होई, सुटला की पुन्हा. कोणता माणूस, कोणाकडे, कोणत्या कामावर, किती वेळ, हे तिच्यापुढे ओळीओळीने येई. तिने मंजूर केलं की त्याच ओळींचं बिल तयार होई.

पांढरकवड्याच्या बिलात अय्याजच्या नावाची शेवटची ओळ जादा तासांची होती. ती मंजूर झालेली होती. फक्त बिल अजून गेलं नव्हतं.

"शाल्मली, जरा पुढे ये," क्षितिज स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्याने सोवळं नेसलं होतं, पण अंघोळीनंतर केसही विंचरले नव्हते.

ऑफिसात जाऊन त्याने दार लोटून घेतलं.

"गुंजनचे सासरे येऊन राह्यले जेवाले. निघाले तिथून."

"दरवर्षीच येतात."

"या वर्षीचं वेगळं आहे." तो खुर्चीवर बसला नाही. "सकाळी फोन आलता त्यांचा. ते म्हणतात, ती ओळ काढून टाका. संध्याकाळची. दिवसाचं काम दाखवा, जादा तास दाखवू नका. अय्याज दिवसाचं काम संपवून सुटला, असं."

"सुटला नव्हता तो."

"मले माहीत आहे."

"मग काय म्हणतोस?"

"मी काय म्हणतो..." त्याने खिडकीकडे पाहिलं. "एक ओळ आहे, शाल्मली. आपलं निम्मं काम त्यांच्या शब्दावर आहे. त्यांनी नाही म्हटलं तर वणी-पांढरकवड्याकडचा एकही जिनिंगवाला आपल्याले दारात उभा करणार नाही. आणि गुंजन त्या घरात आहे. तिचं काय?"

एक गोष्ट शाल्मलीने अजून कोणालाच सांगितली नव्हती. परवा दुपारी गुंजनच्या नवऱ्याचा, विक्रांतचा, तिला फोन आला होता. मशीनची चाचणी आजच उरकायची आहे, दोन माणसं संध्याकाळीही थांबू द्या वहिनी, जादा तास लावा. ती हो म्हणाली होती. अय्याज आणि हरिसिंग दोघं थांबले ते तिच्या शब्दावर. हरिसिंग अपघातानंतर आपल्या तांड्यावर निघून गेला होता आणि तेव्हापासून त्याचा फोन बंद होता. म्हणजे त्या संध्याकाळी अय्याज कामावर होता हे जिनिंगबाहेरच्या माणसांत आता ती एकटीच सांगू शकत होती.

"बाबांना विचारलं?" तिने विचारलं.

"बाबांची अँजिओप्लास्टी झाली मागच्या साली. त्यांना काय विचारायचं?"

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. क्षितिज एकदम दाराकडे गेला आणि वळून म्हणाला, "जेवणं व्हायच्या आत कर."

गुंजनचे सासरे पद्माकरराव पांढऱ्या कपड्यांत उतरले. त्यांच्या मागे गुंजन उतरली, जरीची साडी नेसून, पण चेहरा ओढलेला. विक्रांत नव्हता, त्यांची छोटी लेक परीही नव्हती.

"जावईबापू नाही आले?" कुंदाबाईंनी पाय धुवायला पाणी देत विचारलं.

"त्याले ताप आहे," गुंजन म्हणाली. "परी त्याच्याजवळ आहे."

पद्माकरराव आत जाऊन महालक्ष्म्यांपुढे वाकले, श्रीकृष्णरावांना भेटले, तब्येत विचारली. अय्याजचं नावसुद्धा त्यांनी काढलं नाही. श्रीकृष्णरावांनीही काढलं नाही. दोघं व्याही शेजारी शेजारी बसून यंदाच्या पावसावर बोलत राहिले. शाल्मलीला ते बोलणं ऐकवेना. ती पुरणाची परात घेऊन मागच्या खोलीत गेली, तर गुंजन तिथे धान्याच्या कोठीला टेकून उभी होती. तिचे दात वाजत होते.

"गुंजन, काय झालं?"

"वहिनी, ती ओळ काढली का?"

"तुलाही माहीत आहे तर."

"काढ ना गं. तुह्या पाया पडतो." गुंजनने परात कोठीवर ठेवली आणि खरंच तिचे हात धरले. हात गार होते. "तुले माहीत नाही काय झालं ते. बटण विक्रांतने दाबलं."

शाल्मलीला कळायला वेळ लागला.

"त्याले वाटलं दोघंही वर आले. हरिसिंग वर दिसला त्याले. त्याने हाक मारली, कोणीतरी ओ दिली, मग त्याने..." ती थांबली. "दोन दिवस झाले, त्याने घास खाल्ला नाही. ताप-बिप काही नाही त्याले. दार लावून बसला आहे. परी दारावर थापा मारते तरी उघडत नाही. मामंजी म्हणतात, तू तोंड उघडू नको, मी निस्तरतो. पण ते पोलीस रोज येऊन राह्यले, वहिनी. त्याले नेलं तर मी काय करू?"

दारात कुंदाबाई कधी येऊन उभ्या राहिल्या ते दोघींना कळलं नाही. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि शाल्मलीकडे पाहिलं.

"काढून टाक ते," त्या म्हणाल्या. "काय असन ते. अय्याजच्या दवाखान्याचं आपण पाहू. त्याच्या लेकराबाळांचं पाहू. जलमभर पाहू. पण माह्या लेकीचं घर वाचव."

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि त्याचंच शाल्मलीला जास्त भय वाटलं. नवरा, नणंद, सासू, सगळे एका बाजूला होते. आणि खरं सांगायचं तर तिलाही त्याच बाजूला जायचं होतं. अय्याजचा हात काही त्या ओळीने परत येणार नव्हता. आईंनी म्हटलं तर त्या खरंच पाहतील. हे घर बोललेलं पाळणारं होतं. मग एक ओळ गेली तर कोणाचं काय जातं?

ती ऑफिसात गेली. बिल उघडलं. अय्याज नजीर शेख, फिटर, प्रेस दुरुस्ती, जादा तास. तिने ओळ निवडली. पुसायची का, असं कॉम्प्युटरने विचारलं. तिचं बोट माउसवर होतं.

"सूनबाई."

पद्माकरराव आत आले. त्यांनी दार लावलं नाही, खुर्ची ओढून आरामात बसले.

"सणाच्या दिवशी तुम्हाला काम लावलं, माफ करा. पण हिशोबात चूक राहिली तर पुढे सगळ्यांनाच त्रास. चूक कोणाकडूनही होते. वेळेत सुधारतो तो शहाणा."

"काका, ही ओळ काढली तर अय्याज त्या वेळी आत कशाला होता, असं कोणी विचारलं तर?"

"ते आमच्यावर सोडा."

"पण काय सांगणार तुम्ही?"

त्यांनी तिच्याकडे थोडा वेळ पाहिलं. रागाने नाही. एखाद्या चांगल्या वस्तूचा भाव करावा तसं. "तुम्ही हुशार आहात. म्हणूनच विक्रांत कामाचे फोन थेट तुम्हाला करतो. परवाही केला असेल. तो फोन तुम्हाला आठवत नसला, तर कोणालाच आठवायचं कारण नाही." ते उठले. "गुंजन आमच्याकडे सुखात आहे. तशीच राहावी, एवढंच."

ते गेले. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. शाल्मलीने पुन्हा माउस धरला, आणि तेवढ्यात अंगणातून ओळखीचा खोकला आला.

नजीरभाई दरवर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला येत. दाराशी चपला काढून आधी ओट्यावर बसत, मग कुंदाबाई आत बोलावत. आज ते बसले नाहीत. दोन दिवसांची दाढी वाढली होती आणि सदऱ्याला दवाखान्यातल्या औषधाचा वास होता. श्रीकृष्णराव उठून पुढे आले.

"नजीर, ये. पोरगा कसा आहे?"

"शुद्धीवर आला, भाऊ. बोलते थोडं थोडं." त्यांनी पद्माकररावांना पाहिलं आणि नजर खाली केली. "मी सणाच्या दिवशी येणार नव्हतो. पण पांढरकवड्याचे पोलीस जमादार आलते दवाखान्यात, बयान घ्याले. म्हणे, जिनिंगच्या चौकीदारानं लिहून देल्लं, हा पोरगा काम संपल्यावर चोरून आत घुसला. म्हणे, त्याच्या थैलीत तांब्याचा तार सापडला."

आत कढईत वडा जळल्याचा वास आला, पण कोणी हललं नाही.

"माह्या पोरानं कधी कोणाची सुई नाही उचलली, भाऊ. तुम्हाले माहीत आहे. जमादार म्हणते, कामावर होता तर कागद दाखव. म्हणून आलो. त्याची आई तिथं एकटी आहे, तिले अजून सांगतलं नाही. हात गेला ते सहन केलं तिनं. हे नाही होणार."

शाल्मली ऑफिसच्या दारात उभी होती. आता तिला सगळं लख्ख दिसलं. ओळ पुसली की अय्याज त्या संध्याकाळी कामावर नव्हता. कामावर नव्हता तर तो चोर होता. ती क्षणभरापूर्वी एका माणसाला चोर करायला निघाली होती, आणि तिला ते ठाऊकसुद्धा नव्हतं. तिने क्षितिजकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यालाही ठाऊक नव्हतं.

"काका," क्षितिज म्हणाला, "हे तुम्ही मले सांगतलं नव्हतं."

"चौकीदाराने काय लिहून दिलं त्याच्याशी माझा संबंध नाही," पद्माकरराव शांतपणे म्हणाले. "तपास चालू आहे. श्रीकृष्णराव, बोलताना आपली लेक कोणत्या घरात नांदते तेवढं ध्यानात ठेवा."

श्रीकृष्णराव भिंतीला धरून खाली बसले. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. याच माणसाने चाळीस वर्षं घरातल्या प्रत्येक भांडणात शेवटचा शब्द दिला होता. त्यांनी शाल्मलीला विचारलं, "तो कामावर होता का नव्हता?"

"होता बाबा. दुपारी फोन आला, दोन माणसं थांबू द्या म्हणून. मी हो म्हटलं."

"कोणाचा फोन?"

गुंजन देवघराच्या चौकटीला धरून उभी होती. शाल्मलीने तिच्याकडे पाहिलं. श्रीकृष्णरावांनी लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांना उत्तर मिळालं असावं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांचे ओठ हलले, हात छातीकडे गेला आणि परत खाली आला.

"माह्याच्यानं नाही होत," ते म्हणाले. आवाज एखाद्या परक्याचा वाटला. "इकडं नजीर आहे, इकडं लेक आहे. मले नको विचारू, बेटा."

शाल्मलीला वाटलं होतं, बाबा सांगतील तसं करू. तोही आधार गेला. कोणी मारत नव्हतं, ओरडत नव्हतं, तरी लहानपणी विहिरीच्या काठावर उभं राहिल्यावर वाटायची तशी भीती तिला वाटली. पाय आपोआप मागे ओढले जात होते. ती मागे सरली नाही. ऑफिसात गेली. ओळ पुसायची का, असं कॉम्प्युटर अजून विचारत होता. तिने नाही म्हटलं. मग बिल जसं होतं तसं पाठवलं. एकदा पाठवलेलं बिल मागे घेता येत नाही, उलटं बिल करावं लागतं आणि त्याला कारण द्यावं लागतं, हे तिनेच क्षितिजला कधी काळी शिकवलं होतं. नंतर तिने त्या बिलाची आणि फोनवरून आलेल्या नोंदीची छापील प्रत काढली आणि बाहेर येऊन नजीरभाईंच्या हातात दिली.

"बिल गेलं, काका," ती पद्माकररावांना म्हणाली. "जादा तासांसकट."

त्यांनी खिशातून फोन काढून पाहिला, परत ठेवला. "गुंजन, चल."

"जेवून तर जा," कुंदाबाई म्हणाल्या. सवयीने म्हणाल्या असाव्यात.

ते गाडीत जाऊन बसले. गुंजन अंगणात रेंगाळली. शाल्मली तिच्यामागे गेली. ती आता शिव्या देईल, थोबाडीत मारील, काहीही करील, असं तिला वाटत होतं.

"बिलात विक्रांतचं नाव आहे का?" गुंजनने विचारलं.

"नाही. बिलात काम करणाऱ्याचं नाव असतं फक्त."

"पण तुले विचारतीन. फोन कोणाचा होता म्हणून."

"विचारतील."

"मग?"

"मी खोटं नाही सांगणार, गुंजन."

गुंजनने मान हलवली. हे आधीच ठाऊक असल्यासारखी. मग ती गाडीत मागे बसली. काच वर गेली आणि गाडी गल्लीतून वळली.

घरात कुंदाबाईंनी नैवेद्य दाखवला, पण पंगत बसली नाही. त्यांनी मोठा डबा भरला. पोळ्या, कढी, वडे. आणि पायात चपला घालत नजीरभाईंना म्हणाल्या, "मी येतो तुमच्यासंगं. रहमतबी तिथं एकटी आहे पोराजवळ, तिच्यापाशी बसतो." नजीरभाईंनी कागद नीट घडी करून क्षितिजकडे दिला. "छोटे भाऊ, मले पोराजवळ राहा लागते. हे तुम्ही पोचवान का?"

क्षितिजने कागद घेतला. शाल्मलीला वाटलं, तो आता तिच्यावर ओरडेल. त्याने खुंटीवरची गाडीची चावी काढली.

"पोलीस बोलावतीनच तुले," तो म्हणाला. "त्यांनी बोलावण्याच्या आधी आपणच जाऊ."

"तुला भीती नाही वाटत?"

"लय वाटते. सकाळपासून वाटून राह्यली. कपडे बदलतो, चल."

पांढरकवड्याच्या वाटेवरचं जोडमोहा गाव मागे पडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सागाची झाडं फुलली होती. शाल्मली मनातल्या मनात सांगायचं ते जुळवत होती. फोन आला, मी हो म्हटलं, माणूस कामावर होता. एवढंच. पण पुढचा प्रश्न आला की वाक्य मोडायचं आणि तिला परी दिसायची, बंद दारावर थापा मारताना. उद्यापासून या घराला काम कोण देईल, गुंजन माहेरी येईल का, आली तर कशी येईल. मध्येच एकदा तिने क्षितिजला गाडी थांबवायला सांगितली, उतरून रस्त्याकडेला उलटी केली आणि परत येऊन बसली. त्याने पाण्याची बाटली पुढे केली.

पांढरकवड्याला पोचले तेव्हा ऊन कलायला आलं होतं. पोलीस ठाण्याच्या फाटकाबाहेर पद्माकररावांची गाडी उभी होती. ते गाडीतच एकटे बसले होते, समोर पाहत. क्षितिज थबकला.

"हे आधीच येऊन बसले," तो पुटपुटला. "आता काही खरं नाही."

शाल्मलीच्या हातातला कागद घामाने ओला झाला होता. परत फिरावं, असं तिला अगदी आतून वाटलं. ती फाटकातून आत गेली.

व्हरांड्यात लाकडी बाकावर गुंजन बसली होती. तीच जरीची साडी, मांडीवर परी झोपलेली. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. तिथे टेबलासमोर विक्रांत बसला होता आणि खाली मान घालून बोलत होता. जमादार लिहून घेत होता. विक्रांत मध्येच थांबे, आणि जमादार पेन वर धरून वाट पाही.

"मी काही नाही बोललो त्याले," गुंजन हळूच म्हणाली. शाल्मलीकडे तिने पाहिलं नाही. "दाराबाहेरून एवढंच सांगतलं, अय्याजले चोर म्हणून राह्यले. त्याने दार उघडलं."

"आणि तुझे मामंजी?"

"त्यांनी लय अडवलं. मग स्वतःच गाडी काढली." तिचा आवाज फुटला आणि सावरला. "वहिनी, मले लय भेव वाटून राह्यलं."

"मलाही," शाल्मली म्हणाली.

आतून जमादाराने कोण आलं आहे ते पाहायला मान वर केली. गुंजनने झोपलेल्या परीला सावरलं आणि ती बाकावर थोडी सरकली, वहिनीला बसायला जागा व्हावी म्हणून.